पुंगळी काढलेली बुलेट खरंच जीव वाचवते का? मॉडिफाइड सायलेन्सरचा आवाज, कायदा आणि त्यामागचं विज्ञान

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सिंहगड रोडवरच्या सोसायटीत कुणाचं तरी बाळ आत्ता कुठे झोपलंय आणि खालून एक बुलेट 'फाट्' करून फटाका फोडत जाते. बाळ उठतं. पार्किंगमधल्या दोन कारचे अलार्म वाजायला लागतात. कुणीतरी गॅलरीत येऊन खाली बघेपर्यंत चालवणारा राजाराम पुलापर्यंत पोहोचलेला असतो.

या विषयावरची आपल्याकडची बातमी ठरलेली आहे. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले, त्यावरून रोडरोलर फिरवला, व्हिडिओ व्हायरल झाला. पुण्यातही झालं, नागपुरातही झालं. काही दिवसांनी तोच आवाज परत सुरू.

पण गाडी चालवणाऱ्यांची एक बाजू आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ते म्हणतात, 'ही नुसती हौस नाही, सेफ्टी आहे. कारवाल्याला, ट्रकवाल्याला आम्ही दिसत नाही. निदान ऐकू तरी येतो.' अमेरिकेतले बायकर गेली अनेक वर्षं हेच स्टिकर लावून फिरतात : 'लाउड पाइप्स सेव्ह लाइव्ज'. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. त्यामुळे जीव वाचवण्याचा दावा कुणी करत असेल तर तो तपासायलाच हवा.

मी तो एकदा मागच्या सीटवरून तपासलाय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मित्राच्या बुलेटला 'इंदोरी' सायलेन्सर होता, आत जाळी नाही, काही नाही. कात्रज बायपासवर आम्ही एका टँकरच्या डाव्या बाजूने पुढे जात होतो. टँकर हळूहळू डावीकडे सरकायला लागला. मित्राने गिअर टाकून ॲक्सिलरेटर पिळला, म्हणजे आमच्या दृष्टीने आम्ही 'हॉर्न' दिला. टँकर सरकतच राहिला. शेवटी आम्ही रस्ता सोडून खडीत उतरलो आणि पडलो. माझा गुडघा फुटला, मित्राचं मनगट. टँकर पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर मागे चालत आला. तो जे म्हणाला ते मी विसरलेलो नाही : "आवाज आला हो. पण कुठून येतोय तेच कळेना."

आवाज येतो, दिशा येत नाही

चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला २५ स्फोट. प्रत्येक स्फोटानंतर दाबाखालचा गरम वायू पाइपात धडकतो. 'धड-धड-धड' आवाज म्हणजे ही धडक. २५ हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची लांबी जवळपास १४ मीटर भरते, म्हणजे टँकरपेक्षाही जास्त. इतकी लांब लाट कारच्या काचेने किंवा घराच्या भिंतीने नीट अडत नाही, कोपऱ्यावरून सहज वळते. म्हणूनच चौथ्या मजल्यावर खिडकी बंद असली तरी बुलेट 'जाणवते'.

पण हाच गुण रस्त्यावर दोष ठरतो. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो : एका कानात तो किंचित आधी पोहोचतो आणि किंचित मोठा असतो. खर्जातल्या आवाजात हा फरक फार पुसट होतो. त्यात माणूस बंद केबिनमध्ये असेल तर आवाज काच, पत्रा, छत अशा सगळीकडून एकदम आत येतो. ड्रायव्हरला एवढंच कळतं की जवळपास कुठेतरी गाडी आहे. डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे, हे कळत नाही. आणि कळायला हवं असतं नेमकं तेच.

दुसरी गोष्ट अंतराची. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. साडेसात मीटरवर ९५ डेसिबल असणारी गाडी तीस मीटरवर ८३ वर येते. मधे बंद काच, एसीचा पंखा, टायरचा घरघराट आणि गाणी. धरून चालू की बंद काचेच्या कारमधल्या माणसाला तुमचा आवाज वीस मीटरवरून स्पष्ट कळला. तुम्ही त्याच्यापेक्षा ताशी ६० किलोमीटरने जास्त वेगात येत असाल, तर हे अंतर तुम्ही सव्वा सेकंदात संपवता. आवाज ऐकून, आरसा बघून, स्टेअरिंग आवरायला माणसाला साधारण दीड सेकंद लागतो.

हे दिवसेंदिवस अवघडच होत जाणार आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. ट्रकचालकासाठी ती हवीच होती, उन्हाळ्यात धुळे-नाशिक रस्त्यावर उघड्या खिडकीने ट्रक चालवून बघा. पण याचा अर्थ उद्या ट्रकच्याही काचा वर असणार.

धोका येतो कुठून?

दुचाकी अपघातांवरचा आजही सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास अमेरिकेतला आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांच्या जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यातला एक निष्कर्ष सायलेन्सरच्या वादात फार महत्त्वाचा आहे : तीन चतुर्थांशापेक्षा जास्त अपघातांत धोका चालकाच्या नाकासमोर, डाव्या-उजव्या बाजूच्या ४५ अंशांच्या आतच होता. समोरून येऊन अचानक वळणारी कार, चौकात आडवी घुसणारी कार. दोन वाहनांच्या अपघातांपैकी दोन तृतीयांश वेळा चूक समोरच्याची होती आणि त्याला बाइक दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली.

म्हणजे ज्याला तुमची जाणीव व्हायला हवी तो बहुतेक वेळा समोर असतो. सायलेन्सरचं तोंड मात्र मागे असतं. आवाजातला खर्ज चहूकडे पसरतो हे खरं, पण दिशा सांगणारा तीक्ष्ण भाग जास्त करून मागेच जातो. त्याचा लाभ मिळतो तो तुमच्या मागून येणाऱ्या बिचाऱ्या स्कूटरवाल्याला.

लॉस एंजेलिस वेगळं, आपलं पुणे वेगळं, हे मान्य. आपल्याकडे राँग साइडने येणारे, मधेच यू-टर्न मारणारे, म्हशी, खड्डे सगळंच आहे. पण यातलं काहीही आवाज ऐकून बाजूला होत नाही, म्हैस तर नाहीच.

चालवणाऱ्याच्या कानाचं काय?

याविषयी कुणी बोलत नाही. हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज मोठा असतो. ताशी ६५ च्या आसपास गेलात की तो ९० डेसिबलच्या घरात पोहोचतो आणि वेग वाढेल तसा चढतो. अमेरिकेतली एनआयओएसएच ही संस्था कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा घालते आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. ९१ ला दोन तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. पुणे-महाबळेश्वर राइडमध्ये मोकळी पुंगळी त्यात आणखी भर घालते. कानात शिट्टी वाजत राहणं हा त्याचा पहिला इशारा, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

शिवाय स्वतःच्या गाडीचा आवाज बाकीचे आवाज गिळतो : मागच्या एसटीचा हॉर्न, ॲम्ब्युलन्सचा सायरन, सैल झालेल्या चेनची खडखड. कात्रजला त्या टँकरने हॉर्न दिला असता तरी आम्हाला ऐकू आला असता असं मला वाटत नाही.

पण पिकअप वाढतो ना?

थोडासा, कधीकधी, कागदावर. सायलेन्सर दोन प्रकारे काम करतो. एक, आतल्या कप्प्यांमधून वायू फिरवून आवाजाच्या लाटा एकमेकींवर आदळवायच्या आणि मारायच्या. दोन, छिद्रांच्या नळीभोवती काचतंतू भरून आवाज जिरवायचा. यात वायूला थोडा अडथळा होतो, म्हणून 'मोकळी केली की गाडी पळते' ही समजूत. पण गाडीच्या पाइपची लांबी, व्यास, हवा-पेट्रोलचं प्रमाण कंपनीने एकत्र जुळवलेलं असतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू हे प्रमाण सतत सांभाळतात. नुसता पाइप बदलला तर बऱ्याचदा खालच्या आरपीएमचा दम जातो, म्हणजे शहरात जो रोज लागतो तोच. जास्त आवाज येतो म्हणून गाडी जास्त पळाल्यासारखी वाटते, एवढंच. पूर्ण सिस्टिम बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निघाला तर धुराचं गणितही गेलं.

फटाक्यांचं तर विचारूच नका. चालत्या गाडीचा स्विच क्षणभर बंद करायचा, न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात जाऊ द्यायचं, परत स्विच चालू. ते पाइपात पेटतं. व्हॉल्व्ह आणि कन्व्हर्टर यांच्यासाठी ही हळूहळू दिलेली फाशी आहे.

कायदा नेमका काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. आवाजाची मर्यादा नवीन मॉडेलच्या मान्यतेच्या वेळी तपासली जाते. गाडी ठरलेल्या वेगाने येते, पूर्ण ॲक्सिलरेटर देते आणि साडेसात मीटरवरचा मायक्रोफोन आवाज मोजतो. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७, त्यावर ८०. पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत जी एआरएआय आहे, ती अशा चाचण्या करणारी देशातली एक प्रमुख संस्था. ८० चे ९० झाले तर आकडा छोटा वाटतो, पण आवाजाची ऊर्जा दहापट झालेली असते आणि कानाला तो साधारण दुप्पट लागतो. तुलनेसाठी, निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाचं मानक मोडलं तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. कलमात 'चालवणारा' इतकाच 'चालवू देणारा'ही आहे. बाबांच्या नावावरची गाडी असेल तर त्यांनी हे वाचून ठेवावं. परवानगी नसलेला बदल केल्याबद्दल मालकावर कलम १८२अ(४) लागू शकतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा दोन्ही. हातात पडणाऱ्या ई-चलानवरचा आकडा मात्र या कमाल रकमेएवढा असेलच असं नाही, कारण तडजोड शुल्क राज्य सरकार ठरवतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल कलम ५२ खाली चालणार नाहीत.

दुकानदार दोन गोष्टी हमखास सांगतो. 'यावर ई-मार्क आहे, लीगल आहे.' ई-मार्क ही युरोपातली मान्यता आहे, तीही विशिष्ट मॉडेलसाठी आणि आतला डीबी किलर जागेवर असताना. तो काढायचा स्क्रू कुठे आहे हेही तोच दुकानदार दाखवतो. दुसरी, 'पीयूसी निघते की!' निघेलही. पेट्रोल दुचाकीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. आवाज मोजतच नाहीत.

माझी तक्रार इथे आहे. रोडरोलरखाली जातो तो पोराचा सायलेन्सर. तोच माल भर बाजारात टांगलेला असतो, ऑनलाइन मागवला तर परवा घरी येतो आणि बॉक्सवर छोट्या अक्षरात 'फक्त रेसिंगसाठी' लिहिलं की विकणारा मोकळा. पुण्यातल्या रस्त्यांवर इतकी रेसिंग कुठे चालते कोण जाणे.

मग दिसायचं कसं?

सरकारने काही गोष्टी गाडीतच बसवून दिल्यात. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालू राहतो, तो समोरच्याला दिसण्यासाठीच. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस आहे. बाकीचं चालवणाऱ्याच्या हातात : फिक्या किंवा भडक रंगाचं हेल्मेट, रात्री चमकणारी पट्टी असलेलं जॅकेट, आणि ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही हे लक्षात ठेवणं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे मोठ्या गाडीची डावी बाजू हा त्याचा आंधळा कोपरा. ओव्हरटेक तिथून करायचाच नाही. आम्ही नेमकं तेच करत होतो. लांबच्या राइडला मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग वाऱ्याचा गोंगाट बराच कापतात. इअरफोन हा त्याला पर्याय नाही.

मित्राचं मनगट सहा आठवड्यांनी प्लास्टरमधून निघालं. 'इंदोरी' त्यानंतरही दोन वर्षं गाडीवर होता, खोटं कशाला सांगू. गेल्या वर्षी त्याने बुलेट विकायला काढली तेव्हा बघायला आलेल्या पहिल्याच काकांनी चावी फिरवली, आवाज ऐकला, गाडी बंद केली आणि विचारलं, "कंपनीचा सायलेन्सर ठेवलाय का?" तो माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला होता. आम्ही दोघांनी मिळून तो उतरवला.