कसारा घाटात गाडीला मागून ढकलतात, ते का?

परवा मोखाड्याहून खोडाळा, विहीगावमार्गे कसाऱ्याला उतरलो. सोबत भाचा होता. गाडीच्या मागे इंजिनं जोडताना पाहून तो म्हणाला, "मामा, इंजिन तर पुढे आहे ना, मग ही कशाला?"

मंडळी, या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात.

कसारा ते इगतपुरी हा थळ ऊर्फ कसारा घाटाचा रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ १:३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की गाडी १ फूट वर चढते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. शिवाय एवढ्या चढावर सगळा भार पुढच्या कपलिंगवर आला तर ते तुटण्याची भीती. म्हणून मागून रेटा द्यायचा आणि इगतपुरीला बँकर सोडवायचे.

चढ याहून खूपच खडा असेल तर नुसत्या चाकांच्या पकडीवर भागत नाही. तिथे फ्युनिक्युलर कामी येते. तिचं तत्त्व आपल्या विहिरीवरच्या रहाटाचं: एका दोराला दोन डबे, एक उतरतो तेव्हा दुसऱ्याला वर ओढायला मदत होते. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८पासून अशी ट्रॉली आहे.

उताराची काळजीही कसारा घाटात घेतलेली आहे. ब्रेक निकामी झालेली गाडी वळवायला चढाचे वेगळे रूळ आहेत, त्यांना ‘कॅच सायडिंग’ म्हणतात.

दीडशेहून अधिक वर्षं हा घाट आपल्याला मुंबईशी जोडतोय. पुढच्या वेळी कसाऱ्याला गाडी थांबली की मागच्या बाजूला नक्की बघा.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा, जमेल तसं सांगतो.