बस केव्हा येणार?

गोव्यातील कोणत्याही खेड्यातल्या बसथांब्यावर सकाळी घटकाभर उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानी पडतो: ‘बस गेली, की यायची आहे?’ विचारणारा परगावचा पाहुणाच असतो असे नाही. पुष्कळदा तो वर्षानुवर्षे त्याच थांब्यावरून ये-जा करणारा गावकरी असतो. उत्तर मिळते ते शेजारच्या गाड्यावर चहा ओतणाऱ्या माणसाकडून. थांब्याचा निवारा कोणाच्या निधीतून उभा राहिला आणि त्याचे उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झाले, हे पाटीवर ठळक अक्षरांत कोरलेले असते. बस केव्हा येणार, एवढेच लिहावयाचे राहून गेलेले असते.

अलीकडेच एका तालुक्याच्या बसस्थानकावर वेळांचा फलक दिसला, तेव्हा आम्हांला समाधान वाटले. ते फार वेळ टिकले नाही. रंगाचे पोपडे उडाले होते, काही वेळा खोडून त्यांवर खडूने नव्या लिहिल्या होत्या, आणि फलक कोणत्या वर्षीचा याचा पत्ता नव्हता. चौकशी केली तेव्हा ‘त्यावर जाऊ नका, विचारून घ्या’ असा सल्ला मिळाला. फलक नसणे एक वेळ परवडते. चुकीचा फलक परवडत नाही. कारण जो त्यावर विश्वास ठेवतो, नेमका तोच फसतो.

ज्यांच्या दारात मोटार उभी आहे, त्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल. पण वाळपईपलीकडच्या किंवा काणकोणच्या डोंगरकुशीतल्या गावातून बांबोळीच्या इस्पितळात जाणाऱ्या रुग्णाची सकाळची एक बस चुकली, तर त्याचा सारा दिवस वाया जातो. रोजंदारीवर जाणाऱ्याची मजुरी बुडते. शहरातला शेवटचा तास आटोपून निघालेल्या विद्यार्थिनीला गावची शेवटची बस अजून आहे की निघून गेली, हे ठाऊक नसते, आणि तिकडे घरी आईचा जीव टांगणीला लागतो. मग ज्याला शक्य होते तो कर्ज काढून दुचाकी घेतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती. नोंदलेल्या वाहनांच्या संख्येने तो आकडा केव्हाच ओलांडला आहे. रस्त्यावरच्या या गर्दीचे खापर आपण लोकांच्या हौसेवर फोडतो. बसची खात्री नसल्याने नाइलाजाने घेतलेल्या गाड्याही त्या गर्दीत आहेत, हे सोयीस्करपणे विसरतो.

गोमंतकातील जनता या बाबतीत कधी उदासीन नव्हती. १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांनी बसभाड्यातील पन्नास टक्के सवलतीसाठी जे आंदोलन केले, त्याने सारा गोवा ढवळून निघाला होता. त्यानंतर १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. तरीही आजवर राज्यातील बसवाहतुकीचा मोठा भार खासगी बसगाड्यांनीच वाहिला आहे. एकाच मार्गावर अनेक मालकांच्या गाड्या धावतात. पुढच्या गाडीने उतारू पळवू नयेत म्हणून मागची सुसाट सुटते. मागे कोणी नसेल, तर तीच गाडी थांब्याथांब्यावर रेंगाळत ‘पणजी, पणजी’ असा पुकारा करीत राहते. आत कोंबलेल्या उतारूंना ‘फुडें वच’ म्हणून दटावले जाते. ही गाडी येथे किती वाजता यावयास हवी होती, हे त्या उतारूंपैकी कोणालाच ठाऊक नसल्याने जाब विचारणार कोण?

वेळा ठरलेल्याच नाहीत, असे मात्र नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ७२ वे कलम प्रवासी बसच्या परवान्याविषयी आहे. मंजूर वेळापत्रकाच्या प्रती गाडीत, तसेच मार्गावरील ठरावीक स्थानकांवर व थांब्यांवर लावल्या जाव्यात, अशी अट परवान्यात घालण्याचा अधिकार हे कलम परिवहन प्राधिकरणाला देते. वेळापत्रकापासून गाडीने किती मर्यादेपर्यंत ढळावे, हेही प्राधिकरण ठरवू शकते. म्हणजे आम्ही नवा कायदा मागत नाही. दप्तरात पडून असलेला कागद थांब्याच्या भिंतीवर यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

तो कागद कसा असावा, हेही सांगणे जरूर आहे. गाडी मूळ स्थानकावरून केव्हा सुटते, एवढ्यावर भागत नाही. वाटेतल्या थांब्यावरच्या माणसाला ती आपल्यापाशी केव्हा पोहोचते, हे हवे असते. कोणत्या मार्गे जाणार, रविवारी व सणावारी कोणत्या फेऱ्या बंद असतात, पहिली बस कोणती आणि शेवटची कोणती, हे स्पष्ट हवे. फलक कोणत्या तारखेपासून लागू आहे, तेही हवे. आणि तो देवनागरीत हवा. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात खेडोपाडी निघालेल्या मराठी शाळांतून जी मुले अक्षरे शिकली, ती आज वार्धक्याकडे झुकली आहेत. बसने प्रवास करणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे. केवळ रोमन अक्षरांतली पाटी त्यांच्या काय कामाची?

वाहतुकीची कोंडी आणि पावसाळा यांमुळे वेळा पाळता येत नाहीत, असे समर्थन ऐकू येते. ते अगदीच खोटे नाही. परंतु तोच पाऊस कोकण रेल्वेच्या मार्गावरही कोसळतो. तिथे पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करावा लागतो, म्हणून त्या हंगामाचे वेगळे वेळापत्रक आगाऊ जाहीर होते. उशीर होणार हे आधी सांगणे, हीदेखील प्रामाणिक सेवा आहे. बससाठी असे पावसाळी वेळापत्रक करण्यास कोणी अडवले आहे? गाडी कोठे आहे, हे आता मोबाईलवर दाखवता येते, हेही खरे. त्याचे स्वागतच आहे. मात्र ज्याच्या हाती तसे यंत्र नाही, त्याच्यासाठी पत्र्याचा फलक आणि चार ओळी रंग पुरेसा आहे.

सरकारने येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एका तालुक्यातील प्रत्येक थांब्यावर असा फलक लावून दाखवावा, आणि तो अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी सोपवावी. वेळ लिहून देणे म्हणजे शब्द देणे होय. तसा शब्द आज कोणी देत नाही, म्हणून तो मोडल्याचा दोषही कोणाच्या माथी येत नाही. ज्या दिवशी तो भिंतीवर लिहिला जाईल, त्या दिवसापासून थांब्यावरचा माणूस आर्जव करणारा उरणार नाही. हिशेब मागणारा नागरिक होईल.