पिशवी काढण्यापूर्वी



ज्या विषयावर घरात कुजबुजून बोलतात, त्यावर आज भर सभेत बोलावयाचे आहे. पाळीत अंगावरून फार जाते, हे दुखणे कित्येक स्त्रिया 'बाईच्या जन्माला हे असायचेच' म्हणून मुकाट्याने सोसतात. आणि असह्य झाले की एकदम पिशवी काढून घेतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची शासकीय समितीने पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणून मधली वाट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

जास्त म्हणजे किती? पूर्वी एका पाळीस ८० मिलिलिटर ही मर्यादा धरीत. आता कसोटी साधी आहे : त्या स्रावाने बाईच्या कामात, झोपेत, प्रकृतीत व्यत्यय येतो काय? येत असेल, तर उपचार हवाच.

तांबी आपणांस ठाऊक आहे. तिच्याने पाळीचा स्राव वाढू शकतो. तिच्याच घाटाचे दुसरे एक साधन मात्र नेमके उलट करते. त्याच्या दांडीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे ५२ मिलिग्रॅम संप्रेरक असते. प्रारंभी त्यातून दिवसास सुमारे २० मायक्रोग्रॅम पाझरते. गर्भाशयाचे अस्तर दरमहा जाड होते व पाळीत गळून पडते. हे संप्रेरक ते अस्तर पातळच ठेवते. मग गळावयास उरते थोडे. फिनलंडमध्ये १९९० साली हे साधन प्रथम वापरात आले. एकदा बसविले की पाच वर्षे काम देते, गर्भही राहू देत नाही. काढले की पुन्हा दिवस जाऊ शकतात.

पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडतात. तेवढा धीर धरावा लागतो. पुढे काहींची पाळी थांबते. रक्त आत साठते, ही भीती व्यर्थ होय. अस्तरच वाढत नाही, तर साठणार काय?

अर्थात आधी तपासणी हवी. गाठ, थायरॉइड, कर्करोग यांचा शोध घेतल्यावाचून हे बसवू नये. गर्भारपणात, जंतुसंसर्गात किंवा स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीस ते वर्ज्य आहे. काही रोगांत शस्त्रक्रिया अटळ असते, हेही खरे.

परंतु कोणी पिशवी काढावयास सांगितली, तर एवढे अवश्य विचारा : 'डॉक्टर, त्याआधीचे उपाय करून झाले काय?'