विलायतेचे स्थळ आणि पाच वर्षांचा रस्ता

रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी मोहल्ल्यांत 'मुलगा लंडनला असतो' एवढ्या एका वाक्यावर बोलणी पुढे सरकतात. मुलगा काय करतो, स्वभावाने कसा आहे, हे प्रश्न मागाहून येतात. मुलीला तिथे कोणत्या कागदावर राहायचे आहे, हा प्रश्न बहुधा येतच नाही. 'लग्न झाले की ती तिथलीच झाली', अशी समजूत असते. प्रत्यक्षात कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळायला पाच वर्षे लागतात, आणि त्या पाच वर्षांत मुलीचा पाय कशावर टेकलेला आहे ते आईवडिलांना माहीत असणे आम्हाला दागिन्यांच्या यादीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

ब्रिटिश नागरिकाच्या किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या माणसाच्या पत्नीला पहिला व्हिसा मिळतो तो दोन वर्षे नऊ महिन्यांचा. तो संपण्याआधी अडीच वर्षांची मुदतवाढ घ्यावी लागते. अशी पाच वर्षे भरली की 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन', म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. दर टप्प्यावर नवा अर्ज, नवी फी आणि संसार खरोखर एकत्र चालला आहे याचे नवे पुरावे लागतात. इंग्रजीची पायरीही चढत जाते. सुरुवातीला ए-१ म्हणजे साधे बोलणे-ऐकणे, मुदतवाढीला ए-२, शेवटी बी-१ आणि जोडीला 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा. आपल्या मुलींना हे जड नाही. जड जाते ते घराबाहेर पडायला न मिळणे.

पैशाची अट मात्र मुलाची आहे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी त्याचे वार्षिक उत्पन्न २९,००० पौंड असावे लागते. त्याआधी ही मर्यादा १८,६०० होती. मुलीचा इथला पगार त्यात धरत नाहीत, सासऱ्यांचे दुकान कितीही चालत असले तरी तेही धरत नाहीत. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. पहिल्या व्हिसासाठी तीन वर्षांचा म्हणजे ३,१०५ पौंड एकदम भरावा लागतो, अर्जाची फी वेगळी. तेव्हा मुलाच्या पगाराच्या पावत्या पाहण्यात संकोच कसला? त्या सरकारला दाखवायच्याच आहेत. मुलीच्या बापाने आधी पाहिल्या तर बिघडत नाही. उत्पन्न कमी पडले की निकाहानंतर मुलगी वर्ष-दीड वर्ष माहेरीच बसून राहते आणि गाव विचारत राहते, 'अजून गेली नाही?'

निकाह कुठे होतो याला मोठे महत्त्व आहे. इथे, भारतात, रीतसर झालेला निकाह ब्रिटन मानते. पण इंग्लंडमध्ये नोंदणीशिवाय नुसता निकाह झाला, तर तिथल्या कायद्याच्या नजरेत ते लग्नच नाही. २०२० साली तिथल्या अपील न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्या खटल्यातल्या जोडप्याचा निकाह १९९८ मध्ये लंडनच्या एका रेस्टॉरंटमध्ये झाला होता. चार मुले झाली, दोन दशके संसार झाला, आणि शेवटी कायद्याने ते लग्न ठरले नाही. म्हणून 'निकाह तिथेच उरकू' असे कुणी म्हणाले, तर रजिस्ट्री कार्यालयातली नोंद कधी, हे त्याच बैठकीत विचारावे. फोनवरच्या निकाहाबद्दलही सांगायला हवे: दोघे एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असलेच पाहिजेत, असा व्हिसाचा नियम आहे.

मुलाचे हे दुसरे लग्न असेल तर आणखी एक कागद पाहावा. इंग्लंडमध्ये तोंडी किंवा लेखी दिलेल्या तलाकने तिथले कायदेशीर लग्न संपत नाही, त्यासाठी तिथल्या कोर्टाचाच हुकूम लागतो. त्याला पूर्वी 'डिक्री ॲब्सोल्यूट' म्हणत, आता 'फायनल ऑर्डर' म्हणतात. 'पहिलीला सोडून चार वर्षे झाली' हे मध्यस्थाचे तोंडचे वाक्य म्हणजे तो हुकूम नव्हे. पहिले लग्न कागदावर जिवंत असेल, तर आपल्या मुलीचा अर्ज तिथेच अडतो.

इथल्या बाजूला काझीसाहेबांच्या निकाहनाम्यावर थांबू नये. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी होते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या कार्यालयात. वधू-वर, तीन साक्षीदार आणि निकाह लावणारे काझी यांच्या सह्या लागतात. नावांकडे डोळ्यात तेल घालून पाहावे. निकाहनाम्यावर 'शबाना', पासपोर्टवर 'शबानाबी', शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळे, असे आपल्याकडे सर्रास असते. आपल्याला ती एकच मुलगी वाटते. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तशी वाटेलच असे नाही.

आता जे कुणी मंडपात बोलत नाही ते. सहचर-व्हिसावर गेलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, त्याला बंदी नाही. मुदतवाढीच्या वेळी तिची तिथली कमाई २९,००० च्या हिशेबात धरलीही जाते. तरी 'व्हिसावर काम चालत नाही' असे सुनेला सांगणारी घरे आहेत. सरकारी आर्थिक मदत तिला मिळत नाही हे खरे. पण अधिभार भरलेला असल्याने सरकारी दवाखाना मिळतो. या दोन गोष्टींची गल्लत करून सुनेला डॉक्टरकडे न नेणे हा अज्ञानाचा भाग असेल, कधी नसेलही.

दुसरे वाक्य असते, 'मी सही केली नाही तर उद्या परत जाशील.' यात अर्धे सत्य आहे. संसार मोडला तर व्हिसाची मुदत कमी होऊ शकते, आणि मुदतवाढीला नवऱ्याचे कागद लागतातच. पण उरलेले अर्धे मुलीला ठाऊक असायला हवे. छळामुळे संसार मोडला असेल, तर अशा पत्नीला पाच वर्षे पूर्ण होण्याची वाट न पाहता कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. छळ म्हणजे मारहाणच असे नाही. पैसे अडवणे, कोंडून ठेवणे, धमकावणे हेही त्यात येते. हाताशी पैसा नसेल तर फी माफ होऊ शकते. अर्ज तयार होईपर्यंत तीन महिन्यांची वेगळी सवलत आहे, तिच्यात सरकारी मदतही मागता येते. पोलिसांची नोंद, डॉक्टरची चिठ्ठी, मदत संस्थेचे पत्र हे पुरावे ठरतात, म्हणून दवाखान्यात 'जिन्यावरून पडले' असे सांगू नये.

आणि एक प्रकार आपल्या गावांनीही पाहिला आहे. सुनेला 'आईला भेटून ये' म्हणून इथे आणायचे, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि नवऱ्याने एकट्याने विमान पकडायचे. अशा सोडून दिलेल्या पत्नीसाठी २०२४ पासून ब्रिटनने नियमांत वाट केली आहे. तिला भारतातूनच, कायम वास्तव्याच्या हक्कासह परत जाण्याचा अर्ज करता येतो. ही माहिती माहेरी पोचतच नाही. माहेर लाजेने दार लावून बसते आणि मुलगी कुणाच्या तरी नजरेची वाट पाहत राहते. हा अर्ज करताना तिथल्या अधिकृत सल्लागाराची किंवा वकिलाची मदत घ्यावी. तिथे सल्लागारांची नोंद 'इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी'कडे असते, आणि नोंदणीशिवाय असा सल्ला देणे तिथे गुन्हा आहे.

पूर्वी व्हिसाचे प्लास्टिकचे कार्ड मिळे. ती कार्डे २०२४ अखेर संपली. आता ई-व्हिसा असतो, ऑनलाइन खात्यात. ते खाते कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या मोबाइलवर उघडले आहे? बऱ्याचदा दिराच्या किंवा एजंटच्या. म्हणजे मुलीचा सारा हक्क दुसऱ्याच्या खिशात. निघण्यापूर्वी तिचा स्वतःचा ईमेल, तिला पाठ असलेला पासवर्ड, आणि पासपोर्ट, निकाहनामा, मेहरचा कागद यांच्या प्रती माहेरी, एवढे आईने करून घ्यावे.

कायम वास्तव्य मिळाल्यावरही एक अट उरते: सलग दोन वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास ते संपते. बाळंतपण, मग वडिलांचे आजारपण, मग घराचे बांधकाम, असे करत माहेरचा मुक्काम लांबवणाऱ्यांनी तारखा मोजाव्यात. नवरा ब्रिटिश नागरिक असेल, तर कायम वास्तव्य मिळताच, तिथे तीन वर्षे झालेली असल्यास, नागरिकत्वाचाही अर्ज करता येतो. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि येण्याजाण्यासाठी ओसीआय कार्ड काढावे लागते. त्यावर इथे मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. आजोबांच्या वाडीत मुलीचा वारसाहक्क असेल, तर त्या जमिनीचे काय करायचे हे नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी भावांबरोबर बसून ठरवावे.