जीर्ण वस्त्रांचा विनियोग : गोधडीच्या अनुषंगाने

मराठीत जुन्या कापडाला एकच एक नाव नाही. अंगावरून उतरलेले, परंतु अद्याप उपयोगी असे वस्त्र ते धडुते. पुसण्या-बांधण्यासाठी त्यातून निघते ते फडके. तान्ह्या मुलासाठी निघते ते बाळोते. तुकडा उरतो ती चिंधी. आणि भुई सारवताना हाती येते ते पोतेरे. पिळून तेलात बुडविलेला काकडा ही बहुधा शेवटची अवस्था. या शब्दांकडे केवळ दारिद्र्याची भाषा म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांनाही जडलेली आहे. वस्तुतः हे एक वर्गीकरण असून त्याचा निकष वस्त्राचे वय नव्हे, तर त्यात उरलेले बळ हा आहे.

ही पारख कशी होत असे, हे नऊवारी लुगड्यावरून चांगले कळते. लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. कासोट्याचा भाग उठण्या-बसण्याच्या घर्षणाने लवकर विरतो, निऱ्यांची खालची कड जमिनीला लागून फाटते, दाट विणीचे काठ मात्र पुष्कळ काळ टिकतात. तेव्हा विरलेला भाग कापून काढावयाचा आणि उरलेले दोन धड तुकडे, अथवा दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग, एकमेकांस जोडावयाचे. यालाच दंड घालणे म्हणतात. ठिगळाचा नियम याहून निराळा. ठिगळाभोवतीचे कापड मजबूत असेल तरच ते टिकते. विरलेल्या कापडावर दणकट ठिगळ लावल्यास ते आपल्याच कडेने मूळ वस्त्र फाडते. शिवाय कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि भोवतालचे कापड ओढून धरते. म्हणून ठिगळासही धुतलेले जुनेच कापड हवे. रफूत तर तुटलेल्या ताण्याबाण्याची जागा सुईने पुन्हा विणूनच काढावी लागते. तिन्ही उपाय ‘शिवणे’ याच क्रियापदाखाली येत असले, तरी त्यांमागील निदान वेगवेगळे आहे.

दुरुस्तीची मर्यादा संपली की गोधडीचा आरंभ होतो. दक्षिण महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात. धड पातळ वा धोतर वरखाली अस्तरासारखे आणि विरलेले, फाटके तुकडे मध्ये, अशी तिची सामान्य रचना असते. हे थर जमिनीवर ताणून पसरतात, लांब कच्च्या टाक्यांनी जागच्या जागी धरतात आणि मग धावदोऱ्याच्या समांतर ओळी घालतात. अनेक ठिकाणी ही शिवण कडेने सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे सरकते. प्रत्येक थर स्वतंत्रपणे दुबळा असतो. परंतु जवळजवळच्या टाक्यांमुळे ओढ एका जागी न पडता सर्व थरांवर वाटली जाते आणि मधल्या चिंध्या अडकून राहतात. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब देते. गोधडी फाटली तरी टाकून देत नाहीत. तिच्यावर नवे धडुते चढवितात, किंवा तीच नव्या गोधडीच्या पोटात जाते. अशा रीतीने एकाच गोधडीत दोन-तीन पिढ्यांची वस्त्रे एकावर एक सापडू शकतात. वस्त्रेतिहासाचे याहून प्रामाणिक साधन क्वचितच असेल. मात्र वापरून संपविणे हाच तिचा हेतू असल्यामुळे ते हाती लागणे कठीण.

येथे दुसऱ्या एका पद्धतीशी तुलना उद्बोधक ठरेल. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, बॅटली येथे, १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने जुनी लोकरी वस्त्रे पिंजून त्यांतून पुन्हा सूत काढण्याची रीत प्रचारात आणली. त्या ‘शॉडी’ धंद्याचे भारतातील मोठे केंद्र पानिपत हे होय. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, आखूड तंतूंचे सूत कमजोर निघते, म्हणून त्यात लांब तंतू मिसळावे लागतात. गोधडी सूत उकलतच नाही. विणलेल्या कापडात उरलेले बळ ती तसेच वापरते. यंत्राची पद्धत मोठ्या राशींसाठी अपरिहार्य असेल, परंतु तंतूच्या दृष्टीने गोधडीची पद्धत अधिक काटकसरीची आहे यात शंका नाही.

मग ही विद्या मागे का पडली? नव्या पिढीचा आळस हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरातील कापडच बदलले. सुती लुगड्याच्या जागी नायलॉनची, पुढे पॉलिएस्टरची साडी आली. सामान्य हवामानात कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के आर्द्रता धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. असे कापड घाम शोषत नाही, त्याचे गुळगुळीत थर शिवताना एकमेकांवरून घसरतात, आणि धुऊन धुऊन सुती कापडाला येणारा मऊपणा त्याला येत नाही. त्याचे बाळोते होत नाही, पोतेरेही होत नाही. साडी अधिक टिकाऊ झाली. तिचा उत्तरायुष्यातील उपयोग मात्र खुंटला. जिच्या पेटीत सुती धडुतेच उरले नाही, तिने गोधडी शिवावी कशाची?

शिवणवर्गांचे अभ्यासक्रम कोऱ्या कापडाच्या बेतण्यापासून सुरू होतात. जुन्या कापडाचे शिक्षण त्याच्या ओळखीपासून सुरू व्हावे लागेल. कापड उजेडासमोर धरले की विरलेली जागा दिसते. दोन्ही हातांनी हलके ताणले की उरलेले बळ समजते. कडेचा एक धागा काढून ज्योतीला लावला, तर कापूस कागदासारखा जळून त्याची मऊ राख पडते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि थंड होताच त्याचा कठीण मणी बनतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात आढळतात, आणि सध्या घरोघरी साठणारे बरेच जुने कपडे या तिसऱ्या प्रकारात मोडतात.