जुन्या रोल्स-रॉईसची दुरुस्ती : काय बदलावे, काय राखावे

१९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक कसोटी घेण्यात आली. एकूण अंतर ६२० मैल, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, आणि वाटेत सहा उंच घाट. रस्ते बैलगाड्यांचे. त्यात इंग्लंडहून आलेली एक रोल्स-रॉईस मध्ये कोठेही बंद न पडता पार झाली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली आणि तिला ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती, असे नाव पडले.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांशी आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण ही गाडी बनविणारा माणूस राजवाड्यातला नव्हता. हेन्री रॉईस १८६३ साली इंग्लंडात पीटरबरोजवळच्या एका खेड्यात जन्मला. बाप पिठाची गिरणी चालवीत असे. गिरणी बुडाली, आणि पोरगा नऊ वर्षांचा असताना बापही गेला. पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा पोचविल्या, रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी धरली. तीही पैशाअभावी अर्धवट सुटली. पुढे मँचेस्टरला त्याने विजेचे डायनामो आणि क्रेन बनविण्याचा कारखाना काढला. स्वतःसाठी घेतलेली जुनी फ्रेंच मोटार मनाजोगी चालेना, तेव्हा गड्याने १९०४ साली स्वतःच तीन मोटारी तयार केल्या. त्याच वर्षी ४ मे रोजी चार्ल्स रोल्स हा श्रीमंत घरचा मोटार-विक्रेता त्याला भेटला आणि दोघांची नावे जोडली गेली. रोल्स १९१० साली विमान अपघातात गेला. रॉईस १९३३ पर्यंत जगला आणि शेवटपर्यंत स्वतःला मेकॅनिकच म्हणवीत राहिला.

त्यांची सर्वांत गाजलेली गाडी ‘सिल्व्हर घोस्ट’. सहा सिलिंडर, सात लिटरचे इंजिन. १९०७ साली ती १४,३७१ मैल चालविली गेली. सुरुवातीला एकदा हादऱ्याने पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला होता, एवढाच काय तो खोळंबा. नंतर सगळी गाडी खोलून झीज तपासली, तेव्हा बदलायच्या भागांचा खर्च दोन पौंडांच्या थोडा वर आला. अशा पावणेआठ हजारांवर गाड्या १९२६ पर्यंत तयार झाल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी कंपनी पूर्ण गाडी विकतच नसे. गिऱ्हाइकाला मिळे ती फक्त चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाके. वरची पेटी बार्कर, हूपर यांच्यासारखे गाडीकारागीर बांधून देत. पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे हेच लोक. ते आतून लाकडाची चौकट करीत आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून बसवीत. लाकूड बहुधा ‘अ‍ॅश’ झाडाचे. आपल्याकडे गाडीच्या चाकाला बाभूळ, तसे तिकडे अवजारांच्या दांड्यांना अ‍ॅश. चिवट, आणि धक्का खाऊन न मोडणारे. (या झाडाला सुकवून मारणारा बुरशीचा रोग २०१२ साली ब्रिटनमध्ये आढळला आणि तेथील रानांत फार नुकसान झाले. शेतीखात्यातल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

गाडी जुनी झाली की श्रीमंत मालक नवी घेई आणि जुनी मातीमोल जाई. सांगाडा मात्र दणकट. म्हणून कित्येक घोस्ट गाड्यांच्या पेट्या उतरवून त्यांचे शववाहन किंवा बंद पडलेल्या मोटारी ओढणारे ट्रक केले गेले. बऱ्याच गाड्या इंग्लंडच्या शेतांवरील गोठ्या-कोठारांत धूळ खात पडल्या. १९४९ साली ‘ट्वेंटी-घोस्ट क्लब’ आणि १९५७ साली ‘रोल्स-रॉईस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लब’ निघाला, तेव्हा कोठे या गाड्यांना वाली मिळाला. दुसऱ्या क्लबाची कचेरी नॉर्थॅम्प्टनशायरमधील पॉलर्सप्युरी या खेड्यात आहे. तेथे चासीवार जुनी कागदपत्रे जपली आहेत. कोणत्या क्रमांकाची चासी कोणासाठी केली, पेटी कोणी बांधली, हे त्यात सापडते. जमिनीचा जसा सात-बारा, तसाच हा गाडीचा. दुरुस्ती करणारा शहाणा माणूस पाना हातात घेण्याआधी हे कागद मागवितो.

मग काम सुरू होते. पत्रा उतरविला की खरे दुखणे दिसते. पाणी मुरून दरवाजाखालचे लाकूड कुजलेले असते, काही ठिकाणी किड्याने पोखरलेले. जेथे लोखंडी खिळा अ‍ॅल्युमिनियमला टेकतो तेथे पांढरी भुकटी धरून पत्रा खाल्लेला असतो. इंजिनाभोवतीच्या पाण्याच्या वाटा गंजाच्या गाळाने भरलेल्या असतात, ठिबकच्या नळीत क्षार बसावेत तशा. बेअरिंगमध्ये पांढरा धातू वितळवून ओततात आणि हाताने खरवडून क्रँकशाफ्टशी जुळवितात. जुन्या ऑइल इंजिनावर ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांना हे काम काय असते ते कळेल. त्यातला एक तास वाचवायला गेले की सारे इंजिन पुन्हा खोलावे लागते.

पण कारागिरीपेक्षा अवघड प्रश्न आहे तो निवडीचा. सगळे लाकूड नवे, पत्रा नवा, कातडे नवे केले तर उरले काय? मधल्या काळात पुष्कळ जणांनी मूळ बंद पेट्या मोडून फेकल्या आणि त्याच सांगाड्यावर उघड्या टपाच्या देखण्या पेट्या नव्याने चढविल्या. कारण उघड्या गाडीला भाव जास्त. जुन्या बेंटली गाड्यांचेही असेच हाल झाले. कोणी १९१२ च्या गाडीला चकचकीत क्रोमचा मुलामा देतो. त्या काळी मुलामा निकेलचा असे, आणि तो जरा पिवळसर, मंद चमकतो. माझ्या मते हे जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने देऊळ पाडून टाइल्सचे बांधण्यापैकीच आहे. अलीकडे तिकडचे जाणते लोक भेगाळलेले कातडे आणि विटलेला रंगसुद्धा शक्य तोवर राखतात. कुजलेला तेवढाच वासा कापून जोड देतात. याला वेळ जास्त लागतो आणि फोटोत काही दिसत नाही.

जुन्या गाडीचा सांगाडा आणि पेटी वेगळी असल्याने निदान हे करता तरी येते. १९६५ ची ‘सिल्व्हर शॅडो’ आली ती सांगाडा व पेटी एकच करून. तिच्या खालच्या कडा गंजल्या की गाडीचा कणाच जातो. शिवाय ब्रेक आणि मागची उंची सांभाळणारी यंत्रणा जोरदार दाबाच्या तेलावर चालते. तेल ठरलेलेच लागते आणि मुदतीत बदलावे लागते. म्हणून अशी गाडी कधी स्वस्तात मिळते. पण जास्त दुधाची म्हैस घेतली आणि पेंड परवडेना, तसे घेणाऱ्याचे होते. इंग्लंडात अशी गाडी बघायला जाणारा अनुभवी माणूस बॉनेट नंतर उघडतो. आधी मागील दहा-पंधरा वर्षांच्या दुरुस्तीच्या पावत्या मागतो, आणि त्या नसतील तर चहा न घेताच परत फिरतो.