डोंगर ओ देतो!

महाबळेश्वरला जाऊन आलेल्या माणसाला आपण हटकून विचारतो, "काय काय पाहिलं?" काय ऐकलं, असे कोणी विचारीत नाही. तोही बिचारा पॉइंटांची नावे पाढ्यासारखी म्हणून दाखवतो, स्ट्रॉबेरीचा भाव सांगतो आणि मोकळा होतो. माझे म्हणणे असे की, महाबळेश्वर हे पाहण्याइतकेच ऐकण्याचेही गाव आहे. शाळेत 'ध्वनी' नावाचा जो धडा आपण पाच गुणांसाठी घोकला आणि परीक्षा संपताच विसरलो, तो तेथे उघड्यावर मांडून ठेवलेला आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सारे कुटुंब तिकडे गेलो, तेव्हा तो धडा मी पुन्हा एकदा वाचला.

प्रथम वेण्णा तलावाकडे चला. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधविलेला हा तलाव. वल्हे मारले की लाट उठते आणि थेट काठापर्यंत जाते. पण मध्येच तरंगणाऱ्या एखाद्या वाळक्या पानाकडे नीट पाहा. लाट आली की ते वर उचलले जाते, गेली की खाली बसते, आणि जवळजवळ होते तेथेच राहते. म्हणजे काठाला गेली ती हालचाल. पाणी जागच्या जागीच राहिले. लाटेचे सारे मर्म एवढ्यात आले.

आवाजाचेही असेच. फरक इतकाच की, पाणी वरखाली डुलते आणि हवा पुढेमागे. एस.टी.च्या खिडकीपुढची रांग आठवा. मागच्याने धक्का दिला की तो एकाकडून दुसऱ्याकडे जात थेट खिडकीपाशी पोहोचतो, पण रांगेतला एकही माणूस आपली जागा सोडीत नाही. (सोडील तर नंबर जाईल!) आपण बोलतो तेव्हा तोंडातली हवा काही समोरच्याच्या कानात जात नाही. तिचा धक्का तेवढा जातो. हे धक्के सेकंदाला किती बसतात, यावर सूर ठरतो. सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंतचे धक्के तरुण माणसाच्या कानाला कळतात.

संध्याकाळी त्याच तलावाकाठी आणखी एक गंमत अनुभवाला आली. दुपारी पलीकडच्या काठावरचे काही ऐकू येत नव्हते. सूर्य बुडाला, थंडी पडली आणि पलीकडे कणसे खात बसलेल्या मंडळींचे बोलणे शब्द न् शब्द ऐकू येऊ लागले. हा भास नव्हे. आवाज उबदार हवेत जलद धावतो, गार हवेत सावकाश. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते, म्हणून आवाज वर वळून निघून जातो. थंडीच्या रात्री उलटा प्रकार. या तलावाच्या खोलगट भागात गार हवा साचते. कडाक्याच्या थंडीत येथे दवाचे हिमकण होतात ते त्यामुळेच. वरची हवा त्या मानाने उबदार. प्रभातफेरीतल्या आडव्या ओळीतली एका टोकाची मुले भरभर चालू लागली, तर सारी ओळ दुसऱ्या टोकाकडे वळते ना? तसाच आवाज वरून खाली वळतो आणि पाण्यावरून दूरवर जातो. सांगायचे तात्पर्य, रात्री तळ्याकाठी शेजाऱ्यांची निंदा करू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही केट्स पॉइंटकडे गेलो. त्याला लागूनच एको पॉइंट आहे. खाली कृष्णेचे खोरे, समोर काळ्या बसाल्टचे उभे कडे. मऊ पानांनी भरलेले रान आवाज गिळते, पण असा कठीण कडा तो चेंडूसारखा परत फेकतो. आमची आठ वर्षांची चिमी ओरडली, "आजोबाऽऽ!" आणि डोंगराने ओ दिली, "...बाऽऽ!" शेवटचेच अक्षर का? कारण पहिली अक्षरे परत येतात तेव्हा आपण अजून ओरडतच असतो. आपल्याच आवाजाखाली ती बुडून जातात.

घड्याळ लावून कडा किती दूर आहे ते काढता येते. हवा १५ अंश सेल्सिअस असेल, तर आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. उत्तर यायला एक सेकंद लागला, तर जाऊन-येऊन ३४० मीटर झाले, म्हणजे कडा १७० मीटरांवर. "पण महाबळेश्वर तर जवळजवळ १,३७० मीटर उंच. हवा विरळ. मग आवाज मंदावत नाही का?" असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी टाकला. प्रश्न बिनतोड होता. उत्तर असे की, नुसत्या विरळपणाने आवाजाचा वेग बदलत नाही. बदलतो तो तापमानाने, एका अंशाला सुमारे ०.६ मीटर. हवेतल्या आवाजाचा वेग गणिताने काढताना खुद्द न्यूटनचा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी आला होता. आवाजाच्या दाबाने हवा क्षणभर तापते, हे त्या हिशेबात धरलेले नव्हते. ही दुरुस्ती लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१६ साली केली.

आता या धड्याचे शेवटचे पान. आणि खरे सांगायचे तर, हा लेख मी त्या पानासाठीच लिहायला घेतला.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, आमच्याबरोबर होते. वय एक्याऐंशी. डोंगराची ओ त्यांना छान ऐकू आली. चेहरा लहान मुलासारखा फुलला. मग चिमीने शेजारी उभे राहून विचारले, "आजोबा, थंडी वाजते का?" नाना म्हणाले, "अंडी? सकाळीच खाल्ली की!" आम्ही सारे हसलो. नानाही हसले, पण क्षणभर उशिरा, आमच्या तोंडांकडे पाहून. ते उशिराचे हसू माझ्या मनातून जाईना. वर्षभरात ते रात्रीच्या गप्पांतून लवकर उठून जाऊ लागले होते. आम्हांला वाटे, वयाप्रमाणे विरक्ती आली असेल.

दरीपलीकडचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला हातभर अंतरावरची नात का ऐकू येऊ नये? कारण 'आ', 'ओ' हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, थ, फ यांचा नाजूक सुसकारा मात्र सेकंदाला दोन हजारांहून अधिक कंपनांचा. 'थंडी'तला 'थ' गळला की उरते 'अंडी'! म्हणून अशी माणसे म्हणतात, "आवाज येतो, पण बोलणं कळत नाही." आपण अधिक ओरडतो, त्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तेथल्या तेथेच राहतात आणि म्हाताऱ्याला वाटते, हे लोक आपल्यावर खेकसताहेत.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर. तिच्यातल्या पडद्यावर आवाजाची लाट कशी चालत जाते, हे बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम केलेल्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उंच सुरांची जागा दाराशीच, खर्जाची पार आत. या पडद्यावर सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी असतात. कोंबडीच्या कानातल्या अशा पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत.

मुंबईला परतल्यावर नानांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीच्या कागदावरची रेघ चार हजार कंपनांपाशी एकदम खोल उतरली होती, जणू कृष्णेचे खोरेच! डॉक्टरांनी विचारले, "नोकरी कुठे होती?" नाना १९८२ च्या संपापर्यंत अठरा वर्षे मुंबईच्या एका गिरणीत साच्यांवर होते. मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वरच असतो. आणि डेसिबलचा हिशेब फसवा आहे: दहा वाढले की आवाजाची शक्ती दहापट! ८५ डेसिबलच्या पुढे रोज आठ तास कानाला धोक्याचे मानतात, आणि दर तीन डेसिबलना ती सुरक्षित मुदत निम्मी होत जाते.

नानांना आता यंत्र मिळाले आहे. नेमके उंच सूर ते वाढवून देते. सुरुवातीला त्यांना भांड्यांचा खणखणाटच फार झाला. हळूहळू सवय झाली. आम्हीही शिकलो: समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलायचे. रात्रीच्या गप्पांत नाना पुन्हा बसतात.

हे सारे दिवाळीच्या तोंडावर सांगायचे कारण उघड आहे. फटाक्याला कायद्याने चार मीटरांवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. आठ मीटर, सोळा मीटर, असे मागे सरत जावे. पण इमारतींच्या चौकात हा हिशेब चालत नाही. तेथे प्रत्येक भिंत एकेक कडाच असते, आणि मधल्या पोराच्या कानावर तोच बार चारी बाजूंनी येऊन आदळतो. कापसाच्या बोळ्याने फारसे काही अडत नाही. तेव्हा भुईनळे, चक्र्या, फुलबाज्या हव्या तेवढ्या लावा. मोठ्या बारांना मात्र घराबाहेरच नमस्कार असावा.

आमच्या घरी हा निकाल नानांनीच दिला. चिमी ॲटम बॉम्बसाठी हटून बसली होती. नानांनी तिला जवळ घेतले आणि म्हणाले, "बाळ, साच्यांपुढं आमचा इलाज नव्हता. पोट होतं. तुला कोणी सक्ती केलीय का?"

चिमीने थोडा विचार केला आणि फुलबाज्यांची दोन पाकिटे जास्त मागून घेतली. सौदा मला स्वस्तातच पडला.